गच्चीवरचा कुजा: फळ देणारा रानगुलाब

जबलपूरच्या सराफ्यातल्या जुन्या घरांच्या गच्च्यांवर तुळशीशेजारी गुलाबाची एखादी तरी कुंडी असतेच. तरीही गुलाबाला खाण्याजोगं फळ येतं, हे सांगितलं की ऐकणारा चमकतो. त्यात नवल नाही. आपण गुलाबाला फळापर्यंत पोहोचूच देत नाही. उमललेलं फूल देवाला किंवा केसात जातं, आणि झाडावर सुकलं तर माळी ते देठासकट कापून टाकतो, म्हणजे पुढच्या कळ्या लवकर येतील. शिवाय बाजारात मिळणाऱ्या भरगच्च गुलाबांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. पाकळ्या वाढल्या की पराग घटतो आणि मधमाशीला आत शिरायला वाट उरत नाही. असं फूल झाडावर ठेवलं तरी बहुतेक वेळा नुसतं वाळून गळतं.

फळ हवं असेल तर पाच पाकळ्यांचा रानगुलाब लावायला हवा. भारतात असे गुलाब आहेत, आणि त्यातले काही वेलीसारखे चढणारे आहेत. त्यांतला सगळ्यांत सहज भेटणारा म्हणजे हिमालयातला कुजा. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला चारधामाची दारं उघडतात आणि आपल्याकडची पुष्कळ मंडळी हरिद्वार-मसुरीमार्गे वर जातात. त्या दिवसांत रस्त्याकडेच्या ओकांवर, पडक्या भिंतींवर, शेताच्या बांधांवर पांढऱ्या फुलांचे लोंबते झुबके दिसतात आणि गाडीच्या खिडकीतून गोड वास आत येतो. तोच हा. हिमाचलात याला कुजा म्हणतात, कुमाऊँ-गढवालात कुंज किंवा कुंजा. शास्त्रीय नाव रोझा ब्रुनोनाय. जॉन लिंडली या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानं 1820 मध्ये रॉबर्ट ब्राउन यांच्या नावावरून ते ठेवलं. आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांत तो रोझा मोस्काटा, म्हणजे कस्तुरी गुलाब, या नावाखालीही सापडतो. दोघं जवळचे नातलग आहेत, पण वेगळे आहेत. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश निघंटूत पुष्पवर्गात जो कुब्जक येतो, तो हाच मानतात. काटेरी, भरपूर केसरांचा आणि भुंग्यांनी वेढलेला असं त्याचं तिथलं वर्णन आहे आणि ते झाडाला तंतोतंत लागू पडतं.

काश्मीरपासून नेपाळ ओलांडून पुढे चीनच्या युन्नानपर्यंत साधारण हजार ते अडीच हजार मीटर उंचीवर कुजा वाढतो. आधार मिळाला तर आठ-दहा मीटर सहज चढतो. याला द्राक्षासारखे ताणे नसतात, की पोथोससारखी चिकटणारी मुळं नसतात. खाली वळलेले आकड्यासारखे काटे हीच त्याची शिडी. कोवळा फोक वर सरकतो, वाऱ्यानं हलतो, काटा फांदीत अडकतो आणि तिथून तो पुढे जातो. म्हणूनच गुळगुळीत भिंतीवर तो आपणहून चढत नाही. तिथं त्याला आपल्याला बांधावं लागतं.

कुजाचं एक फूल हातात धरून नीट पाहावं. चार-पाच सेंटिमीटरचं पांढरं फूल, पाच सुट्या पाकळ्या, मधे पिवळ्या पुंकेसरांचं दाट वर्तुळ. त्या वर्तुळाच्या मधोमध एक बारीक दांडी उभी दिसते. ती एकटी दांडी नसते. सगळ्या स्त्रीकेसरांचे कुक्षिवृंत एकमेकांना चिकटून तिचा खांब झालेला असतो. बागेतल्या गुलाबात हे कुक्षिवृंत सुटे असतात आणि त्यांचा गुच्छ दिसतो. जगातल्या चढणाऱ्या पांढऱ्या रानगुलाबांचा एक मोठा गट या खांबावरून ओळखला जातो. नीलगिरी आणि पळणीच्या डोंगरातला रोझा लेशेनॉल्टियाना त्याच गटातला, आणि पूर्व आशियातला रोझा मल्टिफ्लोराही त्यातलाच. मल्टिफ्लोराकडे पुढे यायचंच आहे, कारण तो कदाचित तुमच्या गच्चीवर आधीच असेल.

फळासाठी खरा राजा वेगळाच आहे. मणिपूर, नागालँड आणि ब्रह्मदेशाच्या डोंगरातला रोझा गिगांशिया. जॉर्ज वॉट यांनी 1882 मध्ये मणिपुरात तो पाहिला आणि हेन्री कॉलेट यांना 1888 मध्ये ब्रह्मदेशाच्या शान टेकड्यांवर सापडला. रानगुलाबांत सर्वांत मोठं फूल याचं, तळहाताएवढं. फळ लहानशा सफरचंदासारखं, पिवळसर, गराचं, आणि तिकडे ते खाल्लं जातं. कोडाईकनालचे एम. एस. वीरराघवन यांनी सनदी नोकरी सोडून हा गुलाब आणि सखल, ओल्या जमिनीत वाढणारा आपला रोझा क्लिनोफायला यांच्यापासून नव्या जाती तयार केल्या. उष्ण प्रदेशातल्या माणसाला आपल्या हवेत टिकणारे गुलाब मिळावेत, हा त्यांचा ध्यास. पण गिगांशियाला जागा लागते अख्ख्या झाडाची आणि हवा लागते मवाळ डोंगरी. जबलपूरच्या दाट वस्तीतल्या गच्चीसाठी मी तो सुचवणार नाही.

मग कुजा तरी इथे येईल का? जबलपूर समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या थोडं वर आहे. मे महिन्यात पारा 42–44 अंशांना टेकतो, लू वाहते. पाऊस वर्षाला 1300–1400 मिलिमीटर, बहुतेक चार महिन्यांत. मुंबई-ठाण्याच्या मानानं आपल्या पारड्यात एकच मोठी गोष्ट पडते: थंडी. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा आठ-दहा अंशांवर येतो, लाट आली की आणखी खाली. वर्षातून एकदा बहरणाऱ्या डोंगरी गुलाबाला ही विश्रांती लागते. थंडीत वाढ थांबते, आणि फेब्रुवारीत ऊब वाढली की मागच्या वर्षीच्या फोकांवरचे डोळे फुटतात. तेव्हा थंडी आपली मदत करते, उन्हाळा आणि पावसाळा मात्र सांभाळावा लागतो. पुढचं सगळं काम या दोन ऋतूंचं आहे.

आधी जागा. सराफा म्हणजे अरुंद गल्ल्या आणि एकमेकींना टेकलेल्या इमारती. खाली दुकानं, वर घरं. गल्लीत ऊन दुपारी घटकाभरच उतरतं, त्यामुळे वेल खाली लावून वर चढवण्याचा विचार सोडून द्यावा. गच्चीवर किंवा वरच्या सज्जात लावावा. सकाळचं पाच-सहा तास ऊन मिळेल आणि दुपारी दोननंतर भिंतीची सावली पडेल अशी पूर्वेची बाजू सर्वांत चांगली. पश्चिमेच्या भिंतीला संध्याकाळपर्यंत तापलेला दगड किंवा सिमेंट रात्री उष्णता सोडत राहतं, तिथं मे महिन्यात पानं करपतात. कुंडी थेट फरशीवर ठेवू नये. दोन विटांवर ठेवली की खालून हवा खेळते आणि पाणीही अडत नाही.

कुंडी मोठी हवी. निदान दीड फूट खोल आणि तेवढीच रुंद. अर्धा कापलेला ड्रम उत्तम, पण तो ड्रम आधी कशाचा होता हे विचारल्याशिवाय आणू नका. सराफ्यात हा प्रश्न इतर पेठांपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. सोनं शुद्ध करायला तेजाब लागतं, डाग द्यायला आणि उजाळा द्यायला नाना रसायनं लागतात. सोन्याच्या डागकामात पूर्वी कॅडमियम सर्रास वापरलं जाई, बाजारात ‘केडीएम’ म्हणतात ते तेच. अशा रसायनांचे रिकामे डबे आणि ड्रम स्वस्तात मिळतात. शोभेच्या झाडाला कदाचित चालून जातील, पण ज्याचं फळ आपण तोंडात घालणार त्याला कधीच नाही. तीच गोष्ट मातीची. आपल्या गल्लीतली धूळ झारेकरी सोन्याच्या कणांसाठी झाडून धुऊन घेतात. त्या धुळीत सोन्याबरोबर इतर धातूही असतात, आणि कॅडमियम मुळांवाटे झाडात चढतं. म्हणून गल्लीतली किंवा गटाराकाठची माती कुंडीत घालू नये. शहराबाहेरच्या शेतातली माती, नदीची धुतलेली रेती आणि जुनं, पूर्ण कुजलेलं शेणखत घ्यावं. कारखान्याच्या धुराड्याजवळ वेल ठेवू नये, आणि फळं वापरण्याआधी दोन पाण्यांनी धुवावीत. हे मी भीती घालायला लिहीत नाही. एवढी काळजी घेतली की निर्धास्त खाता येतं.

मातीचं प्रमाण असं ठेवावं: माती दोन भाग, रेती एक भाग, शेणखत एक भाग, वर दोन मुठी निंबोळी पेंड. आपल्याकडची काळी माती पावसात चिखल धरून बसते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून रेती हात राखून घालू नये. जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय जबलपुरातच आहे. ज्यांना पाच-सात कुंड्या करायच्या आहेत त्यांनी माती तपासून घ्यावी. गुलाबाला किंचित आम्ल ते उदासीन माती मानवते. चुनखडी जास्त असेल तर पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

लावण दिवाळीनंतर करावी. छाट कलम करायचं असेल तर पेन्सिलीएवढ्या जाड, पक्व फांदीचा वीतभर तुकडा घ्यावा, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरपा द्यावा, आणि दोन तृतीयांश लांबी ओलसर रेतीत खोचावी. दाब कलम मात्र पावसाळ्यात करावं: लवचीक फोक वाकवून शेजारच्या कुंडीत मातीखाली दाबायचा, वर वीट ठेवायची, आणि मुळं सुटली की आईपासून तोडायचा. बियांपासून रोप करायला धीर लागतो. गुलाबाच्या बीला आधी थंडी सोसावी लागते, त्याशिवाय ती उगवत नाही. पिकलेल्या फळातल्या बिया धुऊन ओलसर रेतीत मिसळाव्या, पिशवीत भरून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात अडीच-तीन महिने ठेवाव्या, आणि जानेवारीअखेर पेराव्या. अशा रोपाला फूल यायला दोन-तीन वर्षं लागतात.

हा सगळा खटाटोप कशाला, कलमच लावू, असं वाटेल. इथेच फळाची गोम आहे. कुजा आणि त्याच्या गटातले बहुतेक रानगुलाब स्वतःच्या परागानं फळ धरत नाहीत. पराग स्वतःच्याच कुक्षीवर पडला तर त्याची नळी मधेच अडते. एकाच वेलीची दहा कलमं लावली तरी ती एकच वेल, दहा जागी. म्हणून फळासाठी निदान दोन वेगवेगळ्या आईबापांची रोपं हवीत, आणि ती बीजापासून वाढलेली असली तर उत्तम. एक तुमच्या गच्चीवर आणि दुसरं शेजाऱ्याच्या, असंही चालतं. सराफ्यात गच्च्या इतक्या जवळ आहेत की मधमाशीला ते अंतर काहीच नाही.

मधमाशा आपल्याकडे भरपूर आहेत. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांवर आग्या मोहोळांची काळी पोळी ज्यांनी होडीतून पाहिली असतील त्यांना हे सांगायला नको. गच्चीवर येतात त्या बहुतेक लहान सातेरी आणि फुलोरी माशा. रानगुलाब त्यांना मुख्यतः पराग देतो, मध फारसा नाही. सकाळी फूल उमलल्यावर पहिल्या काही तासांत त्यांची सर्वांत जास्त ये-जा असते. त्या वेळी, किंबहुना बहराच्या त्या दोन-तीन आठवड्यांत, कसलीही फवारणी करू नये. निंबोळी अर्कसुद्धा नाही.

वेल वळवणं हे या कामातलं सर्वांत आनंदाचं कौशल्य. फोक सरळ उभा वाढू दिला तर टोकाचा डोळा खालच्या सगळ्या डोळ्यांना दाबून ठेवतो. वाढ आणि फूल दोन्ही शेंड्याला जातं, खाली नुसता सोट उरतो. तोच फोक कोवळा असताना हळूहळू आडवा केला की शेंड्याचा वरचष्मा संपतो आणि लांबीभर प्रत्येक डोळा फुटून उभी फुलकाडी देतो. म्हणून कठड्याच्या बाहेरच्या बाजूनं हातभर अंतरावर दोन-तीन तारा ताणाव्या आणि पावसाळ्यात आलेले लांब फोक त्यांना सुतळीनं सैल बांधावे. एका दिवसात वाकवू नये. आज थोडा, आठवड्यानं आणखी थोडा. हातात जाड चामडी मोजे हवेतच, याचे काटे मांसात शिरले की उलटे रुततात. जिना किंवा येण्याजाण्याच्या वाटेशेजारी हा वेल नको, घरात लहान मुलं असतील तर मुळीच नको.

आणि आता छाटणी, जिथे बहुतेकांचं फळ हुकतं. आपल्याकडे गुलाब म्हणजे ऑक्टोबरची छाटणी हे समीकरण पक्कं बसलं आहे. बारमाही फुलणाऱ्या बागेतल्या गुलाबाला ते बरोबर आहे, कारण तो नव्या फुटीवर फुलतो. कुजा मागच्या वर्षीच्या फोकावर फुलतो. ऑक्टोबरात तुम्ही तो कापला तर मार्च-एप्रिलचा संपूर्ण बहर कापला. माळ्याला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर तो सवयीनं कात्री चालवेल. कुजाची छाटणी फळं उतरवल्यानंतर, कार्तिक-मार्गशीर्षात, आणि तीही निवडून: ज्या फांद्या तीन वर्षांच्या जुन्या, सालपट सुटलेल्या, त्या जमिनीपासून काढायच्या. या पावसाळ्यात आलेले हिरवे, गुळगुळीत, लांब फोक एकही तोडायचा नाही. पुढचं वर्ष त्यांच्यावर आहे.

उन्हाळ्यात एप्रिलपासून रोज पाणी, मेमध्ये सकाळ-संध्याकाळ. मुळांवर वाळका पालापाचोळा किंवा नारळाच्या शेंड्यांचा दोन बोटं थर द्यावा. कुंडीच्या बाहेरून गोणपाट गुंडाळलं की भांडं तापत नाही, आणि वेलीला वरच्या उन्हापेक्षा तापलेली मुळं जास्त नडतात. पानांच्या खाली बारीक जाळं आणि तांबूस ठिपके दिसले तर लाल कोळी आला समजावा. सकाळी पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारला की तो हटतो. जानेवारी-फेब्रुवारीत कोवळ्या शेंड्यांवर मावा बसतो, तो बोटानंच पुसावा. पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके पडतात. ती पानं वेचून कुंडीत न ठेवता फेकावी. भुरी आणि ठिपके फारच वाढले तर निंबोळी अर्क. झाडात शोषलं जाणारं कीटकनाशक फळाच्या झाडाला घालायचंच नाही. फुलवाल्याकडच्या किंवा रोपवाटिकेतून नुकत्याच आणलेल्या गुलाबाच्या पाकळ्या आणि फळंही याच कारणानं खाऊ नयेत.

बहर आला की फूल खुडायचं नाही, पण पाकळ्या वाया घालवायचीही गरज नाही. रात्री वेलीखाली जुनं धुतलेलं धोतर अंथरून ठेवलं की सकाळी गळलेल्या पाकळ्या अलगद गोळा होतात. त्या सावलीत वाळवून चहात किंवा पाण्यात घालता येतात. गुलकंदाला त्या पुरत नाहीत. गुलकंदाला आपला देशी गुलाबी गुलाबच हवा. पण पाकळी गळते तेव्हा परागण होऊन गेलेलं असतं, त्यामुळे पाकळीही मिळते आणि फळही राहतं.

फुलाच्या खालचा हिरवा, सुरईसारखा भाग हळूहळू फुगतो. आपण ज्याला गुलाबाचं फळ म्हणतो तो हा पुष्पासनाचा भाग. खरी फळं त्याच्या आत असतात, बियांसारखी दिसणारी, टणक. कुजाचं फळ लहान, जेमतेम एक सेंटिमीटर, झुबक्यानं येणारं, पिकल्यावर तांबूस-तपकिरी. एक फळ उभं चिरून पाहिलं की बाहेर पातळ गर, आत पाच-दहा टणक बिया, आणि त्यांच्या भोवती सोनेरी, ताठ, बारीक केसांचं दाट अस्तर दिसतं. हेच केस या फळातला एकमेव त्रासदायक भाग. ते खाजकुयलीसारखे टोचतात. घशात आणि आतड्यात गेले तर खाज आणि जळजळ होते. गुलाबाचं फळ विषारी नसतं, पण ते अख्खं चावून गिळायचं नसतं.

हिमालयात ही फळं पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरपर्यंत पिकतात. गच्चीवर तारीख पाहू नये, फळ पाहावं: रंग पूर्ण उतरलेला, दाबल्यावर किंचित नमणारं, पण सुरकुतलेलं नाही. पावसात बुरशी धरलेली फळं टाकून द्यावी. थंड प्रदेशात पहिल्या हिमात गोठून फळ मऊ पडतं. आपल्याकडे ती सोय नाही, तर एक रात्र फ्रीझरमध्ये ठेवली की तेच काम होतं. काही झुबके बुलबुलांसाठी वेलीवरच ठेवावेत, ते येतातच.

स्वयंपाकघरात दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, भांडं स्टीलचं. तांबं आणि पितळ क जीवनसत्त्वाचा झपाट्यानं नाश करतात. दुसरी, फळ चिरलं की लगेच उकळत्या पाण्यात. चिरलेल्या फळातला एक विकर हवेच्या साहाय्यानं तेच जीवनसत्त्व खाऊ लागतो, आणि उकळतं पाणी त्याला तिथल्या तिथे थांबवतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला संत्री मिळेनाशी झाली तेव्हा 1941 पासून तिथे स्वयंसेवक आणि शाळकरी मुलं रानगुलाबाची फळं वेचू लागली, आणि त्यांचं सरबत लहान मुलांना दिलं जाई. त्या काळची सरकारी कृती आजही सर्वांत भरवशाची आहे. गच्चीच्या प्रमाणात ती अशी उतरते.

पाव किलो फळं देठ-टोक काढून, खलात ठेचून, अर्धा लिटरला थोडं कमी अशा उकळत्या पाण्यात टाकावी. पुन्हा उकळी आली की खाली उतरवून पंधरा मिनिटं झाकून ठेवावी. दुहेरी मलमलीतून गाळावं. चोथ्यावर आणखी पाव लिटर उकळतं पाणी घालून दहा मिनिटांनी पुन्हा गाळावं. मग दोन्ही पाणी एकत्र करून स्वच्छ, धुतलेल्या मलमलीतून तिसऱ्यांदा गाळावं. ही तिसरी गाळणी टाळू नये, केस तिथेच अडकतात. हे पाणी पाव लिटर उरेपर्यंत आटवावं, दीडशे ग्रॅम साखर घालून पाच मिनिटं उकळावं, आणि गरम असतानाच उकळलेल्या लहान बाटल्यांत भरावं. बाटली लहानच हवी, उघडल्यावर हे सरबत फ्रिजमध्येही आठ-पंधरा दिवसच टिकतं.

साखर नको असेल तर तिसऱ्यांदा गाळलेल्या पाण्याचं सार करावं. गूळ, मीठ, ठेचलेली मिरची, वरून तूप-जिऱ्याची फोडणी. चव आमसुलाच्या सारापेक्षा सौम्य, मागे हलका फुलाचा वास. स्वीडनमध्ये गुलाबाच्या फळाचं दाटसर सूप घरोघरी पितात, तेव्हा कल्पना फार दूरची नाही. चहासाठी फळं अर्धी चिरून सावलीत कडक वाळवावी, जाडसर कुटावी आणि बारीक चाळणीत जोरानं हलवावी. केस खाली पडतात, गराचे तुकडे वर राहतात. चाळताना नाकाला फडकं बांधावं आणि चहा गाळून घ्यावा.

पौष्टिकतेबद्दल सरळ सांगतो. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात तिकडच्या रानगुलाबाच्या 100 ग्रॅम फळांत 426 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिलं आहे. जातीनुसार आणि पिकण्यानुसार यात खूप फरक पडतो. आवळा याच तोडीचा आहे, आणि कार्तिकात तो जबलपूरच्या कोणत्याही भाजीबाजारात टोपलीनं मिळतो. निव्वळ जीवनसत्त्वासाठी कुजा लावायचा असेल तर आवळा घ्यावा. कुजा लावायचा तो वसंतातल्या त्या पांढऱ्या बहरासाठी, वासासाठी, माशांसाठी, आणि वर्षातून एकदा घरच्या वेलीचं सार पानात यावं यासाठी.

कुजा मिळालाच नाही तर मघाशी सोडलेल्या मल्टिफ्लोराकडे वळावं. बाजारातला कलमी गुलाब दोन झाडांचा असतो. वर डोळा भरलेला नावाजलेला गुलाब, खाली मुळांचा खुंट. उत्तर भारतात खुंट बहुधा रोझा इंडिका ओडोराटाचा असतो, पण अनेक ठिकाणी मल्टिफ्लोराचाही वापरतात. खुंटातून फुटवा आला की माळी म्हणतो, ‘नीचे का जंगली है, काट दो.’ कापण्याआधी पानाच्या देठाचं बूड बघा. तिथल्या उपपर्णाच्या कडा फणीच्या दातांसारख्या चिरलेल्या असतील तर तो मल्टिफ्लोरा. त्याचा फोक वेगळ्या कुंडीत रुजवला की तोही चढतो, पांढऱ्या बारीक फुलांचे झुबके देतो आणि दुसऱ्या रोपाचा पराग मिळाला की मटाराहून लहान लाल फळं धरतो. ती चहापुरती कामाची. एक जबाबदारी मात्र पाळावी. अमेरिकेत 1930 च्या दशकात मृदसंधारण खात्यानं कुंपणासाठी हा गुलाब लाखोंनी लावायला दिला, पाखरांनी त्याच्या बिया रानोमाळ नेल्या, आणि आज तिथल्या अनेक राज्यांत तो उपद्रवी तण ठरला आहे. मल्टिफ्लोरा गच्चीवरच ठेवा. शेताच्या बांधावर, मदनमहालच्या टेकड्यांवर किंवा नर्मदेकाठी नेऊन लावू नका.

यात्रेला जाणाऱ्यांना शेवटी एक विनंती. डोंगरातलं कुजाचं रोप उपटून आणू नका. उन्हाळ्यात उपटलेलं रोप जबलपूरला पोहोचेपर्यंत मरतं, आणि तिथला बांधही उघडा पडतो. दिवाळीच्या आसपास तिकडे जाणं झालं तर दोन-तीन वेगवेगळ्या वेलींची मूठभर पिकलेली फळं कागदी पिशवीत आणा, बिया फ्रिजमध्ये ठेवा आणि जानेवारीअखेर पेरा. निम्मी रोपं शेजारच्या गच्चीला द्या, म्हणजे फळ दोन्हीकडे धरेल.